भाकरी राहील, कोरड्यासाचं काय? मधमाश्या, शेती आणि आपलं ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधमाश्यांचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी मधावर जाते. खरा कोणता, भेसळीचा कोणता, किलोला काय भाव. मधाचे प्रश्न इथेही आहेत, पण शेवटाकडे. आधी शेतात काय पेरलं जातं, ते का पेरलं जातं आणि त्यात आपल्या किराण्याच्या यादीचा हात किती, हे पाहू. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत.

मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असं आइनस्टाइन म्हणाला होता ना?

तो असं म्हणाल्याचा पुरावा कुठेही नाही. तो १९५५ साली गेला आणि हे वाक्य त्यानंतर कित्येक वर्षांनी त्याच्या नावावर फिरू लागलं.

शिवाय ते खरंही नाही. बाजरी आणि मका यांचं परागीभवन वारा करतो. भात, गहू आणि बऱ्याच अंशी ज्वारी आपलं आपण उरकून घेतात. हरभरा, मूग, उडीद, भुईमूग यांना माशीची गरज जवळजवळ नाही. केळी, बटाटा, आलं, हळद तर बियांशिवायच वाढतात. म्हणजे माश्या नाहीशा झाल्या तरी भाकरी, भात आणि मुगाचं वरण ताटात येत राहील. पोट भरेल.

जाईल ते कोरड्यास. भाज्या, फळं, तेलबिया, मसाल्याचे दाणे. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकांना कीटक-पाखरांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमी-अधिक फायदा होतो, पण एकूण उत्पादनाच्या वजनात या पिकांचा वाटा साधारण ३५ टक्के आहे. हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. नुसता पहिला सांगितला की जगबुडी वाटते, नुसता दुसरा सांगितला की काहीच बिघडणार नाही असं वाटतं. अडचण अशी की अ आणि क जीवनसत्त्व, फोलेट यांचा मोठा भाग नेमका त्या ३५ टक्क्यांतून येतो. दुष्काळ पडणार नाही, कुपोषण वाढेल. आणि ते आधी त्या घरांत वाढेल जिथे महाग झालेली भाजी पहिल्यांदा बंद होते.

मग माझ्या ताटातलं नेमकं काय माशीवर अवलंबून आहे?

वेलवर्गापासून सुरुवात करा. काकडी, दोडका, कारलं, दुधी, लाल भोपळा, कलिंगड, खरबूज. यांत नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे आधीपासूनच इवलंसं फळ दिसतं, पण कुणीतरी नर फुलातले पराग आणून टाकल्याशिवाय ते वाढत नाही, पिवळं पडून गळतं. पराग अर्धेमुर्धे पोचले तर काकडी एका बाजूने फुगते, दुसऱ्या बाजूने चिमते. बाजारात वेडीवाकडी काकडी दिसली की पाण्याच्या ताणाइतकीच शंका माशीच्या गैरहजेरीचीही घ्यावी.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी स्वतःच्या परागांवर फळ धरते, मात्र तिच्या फुलात स्त्रीकेसर ढिगाने असतात. माशी फुलावर गोल फिरली तर सगळ्यांना पराग मिळतात आणि फळ टपोरं, सारख्या आकाराचं होतं. नाही फिरली तर खाचा पडलेलं, मुरडलेलं फळ मिळतं आणि ते पॅकिंगऐवजी जॅमला जातं.

शेवगा, सूर्यफूल, कारळे, तीळ, मोहरी, धने, बडीशेप, पेरू, लिंबू, डाळिंब, कोकण-गोव्यातला काजू या सगळ्यांत कीटकांचा हात आहे, कुठे थोडा, कुठे जवळजवळ पूर्ण. तुरीचं थोडंफार चालून जातं, पण फुलोऱ्यात माश्या असल्या तर शेंगा जास्त भरतात.

श्रेय सगळं मधमाशीला देऊ नये. हापूसच्या मोहोरावर जास्त राबतात त्या साध्या माश्या, म्हणजे ज्यांना आपण हाकलतो त्या. सीताफळाचं काम बारीक भुंगेरे करतात. वांग्याचं आणि टोमॅटोचं फूल तर मधमाशीला नीट उघडताच येत नाही. त्याचे पराग नळीसारख्या परागकोशात असतात आणि ते बाहेर पडायला फूल थरथरवावं लागतं. ते जमतं जाडजूड काळ्या-निळ्या भुंग्याला, जो वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत भोक पाडून राहतो. शेतातलं सगळं सुकं लाकूड सरपणाला नेलं की भरताच्या वांग्याचा कारागीर बेघर होतो.

द्राक्षाला माशी लागत नाही. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला म्हणूनच या चर्चेत फारसा रस नसतो, पण त्याच्या फवारणीचा वारा शेजारच्या शेतात जातो.

कांदा जमिनीखाली वाढतो. त्याचा माशीशी काय संबंध?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि सर्वात महत्त्वाचाही आहे.

कांदा जमिनीखाली वाढतो, पण कांद्याचं बी आभाळाखाली तयार होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडक कांदे पुन्हा लावतात, त्यांना डेंगळे म्हणजे फुलांचे दांडे येतात, टोकाला पांढऱ्या फुलांचे गोंडे फुलतात आणि मार्च-एप्रिलमध्ये काळं बी हाती येतं. बुलढाणा, जालना, नाशिक, अहिल्यानगर या भागांत हा मोठा व्यवसाय आहे. आता गंमत पाहा. कांद्याच्या प्रत्येक फुलात नर भाग आधी पिकतो आणि पराग सांडून मोकळा होतो. मादी भाग त्यानंतर तयार होतो. फूल स्वतःच्या कामी येत नाही, दुसऱ्या फुलाचे पराग आणावे लागतात. वाऱ्याने ते होत नाही, कारण पराग चिकट असतात. माशीच लागते.

त्यात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं आणि माशीला ते फारसं रुचत नाही. जवळ मोहरी किंवा कोथिंबीर फुलली असेल तर ती तिकडे वळते. म्हणजे बीजोत्पादकाला माश्या मुळातच विनवून आणाव्या लागतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत फुलकिडे येतात, शेतकरी घाबरून फवारणी करतो, फुलकिड्यांबरोबर माश्याही जातात. मग गोंडे दिसायला भरगच्च आणि चोळले तर पोचट. शेतकरी गुळाचं पाणी शिंपडून माश्या बोलावायचा प्रयत्न करतात. कधी येतात, पण त्या गुळावर येतात, फुलावर येतीलच असं नाही. आग्या आणि फुलोरी या रानमाश्या आसपास टिकवणं किंवा पेट्या आणून ठेवणं, खरा उपाय हाच.

बी कमी झालं की पुढच्या हंगामात बियाण्याचा भाव चढतो, लागवड घटते आणि नंतर केव्हातरी कांद्याच्या भाववाढीची बातमी येते. त्या बातमीत पाऊस असतो, साठेबाज असतात, निर्यातबंदी असते. जानेवारीतल्या त्या फवारणीचा उल्लेख कधीच नसतो. हेच गाजर, मुळा, कोबी, कोथिंबिरीच्या बियाण्याचं.

आपल्याकडे कुठल्या मधमाश्या आहेत?

आग्या: मोठी, तापट, उंच झाडावर, कड्यावर किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं उघडं पोळं करणारी. ती पेटीत राहत नाही. फुलोरी: लहान, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी, शेतकऱ्याच्या लक्षातही न येणारी. सातेरी: झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी, पेटीत पाळता येणारी आपली माशी. मेलिफेरा: युरोपातून आलेली. १९६२ मध्ये हिमाचलातल्या नगरोटा इथे तिचं बस्तान बसलं आणि तिथून ती देशभर पसरली. मध जास्त देते, पेट्या ट्रकवर लादून फिरवता येतात. याशिवाय बिनडंखाची चिमुकली माशी आहे, आणि एकटीदुकटी राहणाऱ्या शेकडो रानटी जाती आहेत ज्यांना मराठीत धड नावंही नाहीत. जगात मधमाश्यांच्या कुळातल्या २०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. मध साठवणाऱ्या त्यातल्या मूठभर.

जगात मधपेट्या वाढल्याच आहेत म्हणे. मग ओरड कशाची?

बरोबर आहे, १९६०च्या दशकापासून जगातल्या पाळीव वसाहतींची संख्या वाढलेलीच आहे. पण पेटीतली मेलिफेरा वाढली म्हणून रानातल्या माश्या सुरक्षित आहेत, असा अर्थ काढणं म्हणजे कोंबड्या वाढल्या म्हणून पाखरं वाढली असं म्हणण्यासारखं आहे. पेट्यांची दाटी झाली तर पाळीव माश्या रानटी माश्यांच्या तोंडचा मकरंदही पळवतात आणि रोगही पसरवू शकतात.

माश्या कमी का होतात? मोबाईल टॉवरमुळे?

टॉवरकडे बोट दाखवणं सोपं जातं, कारण त्यात आपल्याला स्वतःचं काही बदलावं लागत नाही. शेतातल्या नुकसानीचं कारण म्हणून टॉवरबाबतचा पुरावा कच्चा आहे. पक्की कारणं चार: उपासमार, विष, रोग आणि घरटी जाणं.

रोगाचं उदाहरण सातेरीचंच. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतात थैमान घातलं. अळीची पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अवस्था होऊन ती मरते. केरळ-कर्नाटकातल्या बहुतेक वसाहती त्यात गेल्या आणि कित्येक मधपाळांनी धंदा सोडला किंवा मेलिफेरा धरली.

विषाबद्दल पुढे सविस्तर आहे. उपासमारीबद्दल मात्र कुणी बोलत नाही, म्हणून तिला जास्त जागा देतो. माशीला वर्षभर काहीतरी फुललेलं लागतं. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत चरते, फुलोरी त्याहून जवळ. त्या टापूत ऑक्टोबरात तूर, जानेवारीत करडई, मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ, करंज आणि कडुलिंब, मे-जूनमध्ये चिंच, पावसाळ्याच्या शेवटी बोर आणि बांधावरचा दगडी पाला, अशी साखळी असेल तर ती टिकते. साखळीतले दोन दुवे तुटले की वसाहत उठून जाते किंवा मरते. आणि आपल्या बांधांवर आता तणनाशक मारलेलं असतं. शेत स्वच्छ दिसावं ही हौस माशीच्या मुळावर आली आहे.

मी काय खातो त्याचा या सगळ्याशी संबंध कसा?

तेलाच्या बुधल्यातून पाहा.

सोलापूर, लातूर, धाराशिव, परभणीच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी आणि तिच्या कडेने करडई ही जुनी जोडी. करडई काटेरी, म्हणून जनावर आत शिरत नाही. ओलाव्यावर येते, पाणी मागत नाही. तिची पिवळी-केशरी फुलं जानेवारी-फेब्रुवारीत माश्यांनी भरलेली असतात. ज्वारीला स्वतःला माशी लागत नाही, पण माशी तिचे पराग गोळा करते, कारण पिलांना खायला पराग लागतात. म्हणजे त्या रानात माणसाचं तेल-भाकरी आणि माशीचा मकरंद-पराग एकाच वेळी पिकत होता.

मग घाण्याचं तेल महाग आणि जुनाट ठरलं. पिशवीतलं रिफाइंड तेल आलं. काटे टोचतात म्हणून करडई काढायला मजूर मिळेनात, भावही मिळेना. सूर्यफुलाचं तर आणखी स्पष्ट आहे: १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात ते २० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर होतं, आता दोन-तीन लाखांच्या आसपास उरलं आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आपण बाहेरून आणतो. त्यात सर्वात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा आणि सूर्यफूल तेल मुख्यतः रशिया-युक्रेनचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिकडे युद्ध पेटलं आणि इथल्या फोडणीला चटका बसला, तो यामुळे. (पामच्या झाडाचं परागीभवन मधमाशी नव्हे तर आफ्रिकेतला एक छोटा सोंडकिडा करतो. मलेशियात तो १९८१ मध्ये मुद्दाम आणून सोडला. आपल्या फरसाणामागे तो राबतोय.)

करडई आणि सूर्यफुलाच्या जागी काय आलं? पाणी असेल तिथे ऊस, नसेल तिथे सोयाबीन आणि हरभरा. ऊस हे गवत आहे. त्याला तुरा आला तरी माशीला मकरंद नाही, आणि तुरा येणं शेतकऱ्यालाही नको असतं. शेकडो एकर सलग ऊस म्हणजे माशीच्या दृष्टीने हिरवं वाळवंट. सोयाबीनला थोडी फुलं असतात, पण ती काही आठवडेच.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, एफआरपी म्हणजे कारखान्याने द्यायचा ठरलेला किमान दर आहे. करडईला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदीला माणूस उभा नसतो. तो आपण होऊ शकतो. घाण्याचं करडईचं किंवा तिळाचं तेल, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, हुरडा, ज्वारीची भाकरी या वस्तूंना मागणी असली तर ते पीक रानात राहतं. कारळ्याचं तर खास सांगतो. नाशिक, पालघर, नंदुरबारच्या डोंगराळ भागात पावसाळा सरताना ते पिवळंधमक फुलतं. त्याचं फूल स्वतःच्या परागांवर दाणा धरत नाही, म्हणून माशीला त्याची आणि त्याला माशीची गरज सारखीच आहे.

शाकाहारी झालं तर माश्या वाचतील का?

इतकं सरळ नाही. ब्रॉयलर कोंबडी आणि अंड्यांमागे मका आणि सोयापेंड असते. आपल्या सोयाबीनचा भाव तेलाइतकाच पेंडीवर ठरतो. त्यामुळे रोज चिकन खाणाऱ्या शहराचा रेटा सोयाबीन-मक्याच्या सलग शेतीकडे जातो, हे खरं. पण माळावर चरणारी शेळी माळ राखून ठेवते, आणि माळावर फुलं असतात. उलट साखर पूर्णपणे शाकाहारी आहे आणि तिच्यासाठी लावलेल्या उसात माशीला काही नाही. ताटात मांस आहे की नाही यापेक्षा ताट किती तऱ्हेच्या पिकांचं आहे, हे मी आधी पाहीन.

बदामाचं दूध पर्यावरणाला चांगलं असतं ना?

जगातला सुमारे ८० टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतो आणि त्याचा भारत हा मोठा गिऱ्हाईक आहे. दर फेब्रुवारीत अमेरिकेतल्या व्यावसायिक मधपेट्यांपैकी बहुतांश पेट्या ट्रकांवर लादून तिथल्या बागांत नेतात. देशभरच्या माश्या एका जागी, एकाच प्रकारच्या फुलावर. रोगांची आणि गोचिडीसारख्या व्हरोआ कोळ्याची देवाणघेवाण तिथे छान होते. रात्री भिजवलेले चार बदाम खायला कुणाची हरकत नाही. पण गाईच्या दुधाला पर्याय म्हणून रोज पेलाभर प्यायचं तर सोयाबीनचं, शेंगदाण्याचं किंवा तिळाचं दूध जवळचं आहे.

सेंद्रिय माल घेतला की झालं?

बरंचसं, सगळं नाही. रासायनिक कीटकनाशकं टळतात, हा मोठा फायदा आहे. पण सेंद्रिय ऊससुद्धा ऊसच. आणि सेंद्रिय शेतीत चालणारं स्पिनोसॅड हे कीटकनाशक ओलं असताना माशीला घातक असतं. दुकानदाराला ‘सेंद्रिय आहे का’ याबरोबर ‘कुठून येतं, शेतात आणखी काय असतं’ हेही विचारा. बहुतेकांना सांगता येणार नाही, पण विचारणारे वाढले की सांगता येऊ लागेल.

फवारणी तर करावीच लागते. माश्या कशा वाचवायच्या?

हा शेतकऱ्यांचा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर आहे.

पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर ऊन कलल्यावर, संध्याकाळी मारा. माश्यांची वर्दळ सकाळपासून दुपारपर्यंत जास्त असते आणि रात्रभरात फवारा वाळतो. भुकटी वापरू नका. ती परागासारखी अंगाला चिकटते आणि माशी ती थेट पिलांपर्यंत नेते. एका पंपात चार औषधं मिसळायची सवय सोडा. काही बुरशीनाशकं एकटी असताना सौम्य असतात, पण कीटकनाशकात मिसळली की माश्यांना जास्त मारक ठरतात. शेजारी पेट्या असतील तर मधपाळाला आदल्या दिवशी सांगा म्हणजे तो रात्री पेट्या बंद करू शकतो किंवा हलवू शकतो. एक फोन पुरतो.

इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम या गटातली औषधं वेगळ्या तऱ्हेने त्रास देतात. ती झाडाच्या रसातून फिरतात, त्यामुळे बियाण्याला चोळलेलं औषधसुद्धा थोड्या प्रमाणात मकरंदात आणि परागात उतरू शकतं. माशी लगेच मरत नाही, पण वाट चुकते, परत येत नाही. शेतकऱ्याला मेलेली माशी दिसतच नाही, म्हणून औषध निर्दोष वाटतं. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातल्या तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम कृषी सेवा केंद्रात सर्रास मिळतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हे औषधांचं मिश्रण माणसालाही सोडत नाही हे सगळ्यांनी पाहिलं. माशीचा प्रश्न त्याच दुकानातून सुरू होतो.

डाळिंबात भाड्याच्या पेट्या ठेवाव्यात का?

ठेवाव्यात. डाळिंबाला नर फुलंही येतात आणि फळ धरणारी फुलंही येतात, माश्या असल्या की सेटिंग म्हणजे फळधारणा सुधारते. हेक्टरी तीन ते पाच पेट्या अशी साधारण शिफारस असते. पेट्या बहार फुटायच्या आधी आणू नका. तेव्हा आणल्या तर माश्या दुसरीकडची फुलं धरतात आणि तुमच्या बागेकडे फिरकत नाहीत. फुलं उमलायला नुकतीच लागली की आणा. जवळ स्वच्छ पाणी ठेवा, नाहीतर त्या ड्रिपच्या गळतीवर आणि फवारणीच्या टाकीवर बसतील. आणि सांगोल्याकडे काहीजण पेट्या ठेवून तेल्या रोगाच्या धास्तीने त्याच आठवड्यात सगळी औषधं मारतात. त्यात भाडंही जातं आणि माश्याही.

माश्यांऐवजी हाताने किंवा ड्रोनने परागीभवन करता येणार नाही?

येतं की. चीनच्या सिचुआन प्रांतात हान्युआनचे शेतकरी नासपतीच्या झाडांवर चढून ब्रशने पराग लावतात. आपल्याकडे सीताफळात ब्रश वापरणारे बागायतदार आहेत, शेडनेटमध्ये परागाशिवाय फळ धरणाऱ्या काकडीच्या जाती लावतात. पण हे महागड्या फळाला परवडतं. तीळ, कारळे किंवा कांद्याच्या गोंड्यातल्या शेकडो फुलांना कोण ब्रश लावणार? मजुरी धरली तर मोहरीची फोडणी सणासुदीलाच देता येईल.

साखरेऐवजी मध खाल्ला तर माश्यांना मदत होते?

खरा मध योग्य माणसाकडून घेतला तर होते, कारण मधपाळ टिकतो आणि त्याच्या पेट्या शेतांना मिळतात. अडचण खरेपणाची आहे. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँड तपासून त्यातल्या बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचं जाहीर केलं. कंपन्यांनी ते नाकारलं. भेसळीच्या स्वस्त मधापुढे मधपाळाचा मध उभा राहू शकत नाही आणि तो पेट्या विकून मोकळा होतो. नुकसान मग कलिंगडवाल्याचंही होतं.

पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं या घरगुती परीक्षा निरुपयोगी आहेत. थंडीत मध गोठला तर तो खोटा, हेही चूक. ग्लुकोज जास्त असलेला शुद्ध मध गोठतोच. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, आजीने सांगितलं तरी.

आग्याचं पोळं रात्री जाळून, पिलांसकट पिळून काढलेला ‘जंगली मध’ कौतुकाने विकत घेऊ नका. एका बाटलीसाठी अख्खी वसाहत जाते.

आमच्या सोसायटीच्या टाकीखाली आग्या मोहोळ आहे. पेस्ट कंट्रोल बोलवायचं का?

नको. आग्या स्थलांतर करणारी माशी आहे, फुलोरा सरला की बहुधा स्वतःच उठते. तोपर्यंत त्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवा, खाली धूर, फटाके, दगड नको, उग्र अत्तर नको. शाळेच्या किंवा जिन्याच्या अगदी तोंडावर असेल तर प्रशिक्षित माणसाला बोलवा, जो माश्या न मारता पोळं हलवतो. गच्चीत पोरांनी दगड मारून उठवलेलं मोहोळ कुणाचंच ऐकत नाही. एखाद-दुसरा डंख झाला तर नख आडवं घासून काटा काढा. खूप डंख झाले किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना.

शहरात राहून काय करता येईल?

तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, काही फुलू द्या. कढीपत्ता, शेवगा, लिंबू, झेंडू कुंडीतही चालतात. दुहेरी पाकळ्यांची शोभेची फुलं टाळा, त्यांत बहुधा माशीला काही नसतं. उथळ ताटलीत पाणी आणि बुडू नये म्हणून चार खडे. सोसायटीत झाड लावायचं ठरलं की गुलमोहर-पामऐवजी करंज किंवा जांभूळ सुचवा. पार्किंगवर जांभळं सांडतील म्हणून विरोध होईल. तो सहन करा.

मला मधमाशीपालन करायचंय. कुठे शिकू?

महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे आणि पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था. दोन्हीकडे प्रशिक्षण मिळतं. राज्याच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान असतं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, एकदा जाऊन या. घाटात, कोकणात असाल तर सातेरीपासून सुरू करा. ती कमी मध देते, पण व्हरोआला स्वतः झटकते आणि औषधांचा खर्च वाचवते. पठारावर फिरत्या पेट्या करायच्या असतील तर मेलिफेरा.

पेट्या घेण्याआधी एक वर्ष वही ठेवा. दीड किलोमीटरच्या आत कुठल्या महिन्यात काय फुलतं ते लिहा. घाटात जुलै-ऑगस्ट आणि पठारावर मे कोरडा दिसेल. त्या महिन्यांत साखरेचा पाक द्यावा लागतो, तो खर्च आधीच धरा. पाक चालू असताना मात्र मध काढायचा नाही.